पॅकेजात न मावणारी मुले

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकरजवळून जातो. त्याच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जून २०२५ रोजी शेवटचा भागही खुला झाला, आणि वऱ्हाडाचे मागासलेपण आता इतिहासजमा होणार असा डांगोरा पिटला गेला. या महामार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेश नाही. मेहकर तालुक्यातील ज्या कुटुंबाजवळ वाहन म्हणून एक जुनी मोटारसायकल आहे आणि ज्याच्या घरात दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे मूल आहे, त्या कुटुंबाला समृद्धीचे दर्शन पुलाखालूनच घडते. त्याची वाट पूर्वीचीच आहे. मेहकरला रेल्वे नाही. चिखलीवरून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटर, आणि तेथून पुढे पाठवले तर अकोला, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट नागपूर वा मुंबई.

रस्ते होऊ नयेत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु ज्या राज्याला मुंबईहून नागपूर आठ तासांत गाठण्याची इतकी तातडी वाटली, त्या राज्याला आजारी मुलाची आई वर्षातून किती दिवस रुग्णालयाच्या ओट्यावर काढते हे मोजण्याची तसदी आजवर घ्यावीशी वाटलेली नाही. राज्याची दृष्टी कोठे आहे हे यावरून कळते.

ही मुले कोणती? थॅलेसेमिया झालेली, ज्यांचे शरीर पुरेसे निरोगी रक्त बनवू शकत नाही. हिमोफिलियाची, ज्यांचा रक्तस्राव थांबत नाही. सिकलसेलची, या रोगाचा जोर पूर्व विदर्भात अधिक असला तरी त्याला जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही. लहानपणीच मधुमेह जडलेली आणि इन्शुलिनवाचून जगू न शकणारी. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत ती, अपस्माराची, मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराची, हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावरही आयुष्यभर औषधावर राहणारी. या सर्वांत समान धागा असा की त्यांचा आजार एका शस्त्रक्रियेने संपत नाही. सर्वसाधारण मुलाला लागते त्याहून अधिक देखभाल त्यांना रोज, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे लागते. ती मिळाली तर ही मुले शाळेत जातात, मोठी होतात, कमावती होतात. ती न मिळाली तर ती आपल्या डोळ्यांदेखत विझत जातात, आणि गाव त्याला नशीब म्हणते. खेदाची गोष्ट अशी की सरकारी कागदपत्रांतही त्याला याहून निराळे नाव सापडत नाही.

प्रसंगाचे अर्थशास्त्र

'पॅकेज' हा शब्द वऱ्हाडात घरोघरी पोहोचला तो २००६ साली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरल्यावर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांत बुलढाणा होता. त्या पॅकेजाचे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय. येथे एवढेच ध्यानात घ्यावयाचे की शेतीचे दुखणे हे व्यवस्थेचे दुखणे आहे, एकरकमी औषधाने ते हटणार नाही, हे तेव्हाही सांगितले गेले होते आणि तेव्हाही ते ऐकले गेले नव्हते. पुढे हाच शब्द आरोग्यात शिरला. २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. त्या आठांत अमरावती होता. बुलढाण्याची पाळी पुढच्या वर्षी, योजना राज्यभर पसरली तेव्हा आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले, २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि आता दोहोंची मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांच्या विमासंरक्षणाची घोषणा जागोजागी फलकांवर झळकते.

या योजनेचे सूत्र सोपे आहे. उपचारांची एक यादी करावयाची, प्रत्येक उपचाराला एक दर ठरवावयाचा, आणि रोगी रुग्णालयात दाखल होऊन तो उपचार झाला की रुग्णालयाला तो दर द्यावयाचा. म्हणजे राज्य जे विकत घेते तो आजाराचा एक प्रसंग असतो. ज्यांचा आजार प्रसंगापुरता आहे त्यांना याचा निश्चित लाभ झाला. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या अनेक मुलांची शस्त्रक्रिया एरवी कधीच झाली नसती, आणि हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची सोयही यादीत आहे. परंतु ज्या मुलाचे सगळे आयुष्य हाच एक अखंड प्रसंग आहे, ते मूल या यादीत मावत नाही. दोन दाखल्यांच्या मधले दिवस कोणाच्या हिशेबात धरावयाचे? बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली औषधे, रक्तातील साखर मोजण्याच्या पट्ट्या, आठवड्याला लागणारी व्यायामोपचाराची फेरी, बसभाडे, बुडालेली मजुरी, यांपैकी जवळजवळ काहीच पॅकेजात बसत नाही. आणि दीर्घ आजारी मुलाच्या घराचा कणा मोडतो तो नेमका याच खर्चाने.

खाजगी रुग्णालयाच्या दृष्टीने पाहिले तर या सूत्रातील मेख उमगते. एका शस्त्रक्रियेत पैसा आहे. ती टाळण्यात नाही. आईला इन्शुलिन टोचावयास शिकवण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्या परिचारिकेला कोणत्याही यादीत दर नाही. मूल अत्यवस्थ होऊन दाखल झाले की मात्र दर लागू होतो. बाजाराच्या नियमाने चालणाऱ्या व्यवस्थेत रोग्याच्या बिघाडाला भाव येतो आणि त्याच्या स्थैर्याला येत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही सांगेल.

थॅलेसेमियाच्या मुलाचा हिशेब मांडून पाहू. त्याला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. तीन आठवडे धरले तर वर्षाला १७ वेळा. सकाळी पहिली एस.टी. गाठावयाची, नाव नोंदवावयाचे, नमुना द्यावयाचा, रक्तगटाची जुळणी होऊन पिशवी हाती येण्याची वाट पाहावयाची, मग तीन-चार तास रक्त चढावयाचे, आणि शेवटची एस.टी. चुकली तर रात्र तेथेच. रक्तपेढीत साठा नसेल तर दाता शोधण्याचे काम बापाकडे. म्हणजे दोघांचाही दिवस गेला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातील रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या किमान दरानेही दोघांचे ३४ दिवस म्हणजे १०,६०८ रुपये होतात, आणि यात प्रवास नाही, जेवण नाही, तपासण्या नाहीत. शिवाय रक्त चढवण्याची तारीख पेरणीसाठी थांबत नाही. मृगाचा पाऊस पडून वापसा आला आणि त्याच दिवशी मुलाचे हिमोग्लोबिन खाली गेले, तर सोयाबीन आणि मूल यांत निवड करावयाची पाळी येते. आईबाप मुलाची निवड करतात. पेरणी आठवडाभर लांबते, आणि उतारा घटला की बँकेचा अधिकारी त्याला 'शेतकऱ्याची बेफिकिरी' म्हणतो.

एवढ्याने भागत नाही. वारंवार चढवलेल्या रक्तातून शरीरात लोह साचते आणि ते काढले नाही तर हृदयात, यकृतात, ग्रंथींत जाऊन बसते. त्यासाठी रोजची औषधे आहेत. जुन्या पद्धतीत तर एका छोट्या पंपाने रात्रभर, आठ ते बारा तास, त्वचेखाली औषध सोडावे लागे. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त विनामूल्य मिळावे हे सरकारचे जाहीर धोरण आहे. परंतु त्या रक्ताबरोबर येणारे लोह उतरवणारे औषध अखंड मिळाले नाही, तर विनामूल्य रक्त म्हणजे मुलाच्या हृदयावर चढवलेले कर्जच ठरते. रक्ताच्या शुद्धतेचा प्रश्न आणखी वेगळा. २०२२ साली नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघडकीस आले. त्यांतील एक मूल दगावले. प्रत्येक पिशवीची अधिक सूक्ष्म अशी 'नॅट' चाचणी सक्तीची असावी ही पालकांची मागणी तेव्हापासूनची नाही, त्याच्याही कितीतरी आधीची आहे. खर्चाचे कारण पुढे करून ती टाळली जाते. ज्या मुलाला आयुष्यात शेकडो पिशव्या घ्यावयाच्या आहेत त्याला 'धोका अत्यल्प आहे' हे सांगणे ही क्रूर थट्टा आहे.

आईचे श्रम

आता या सर्व व्यवस्थेचा खरा आधार कोण, ते पाहू. तो डॉक्टर नव्हे, विमा कंपनी नव्हे आणि पालकमंत्री तर नव्हेच. तो आधार म्हणजे त्या मुलाची आई. दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून साखर मोजणारी, इन्शुलिनचा डोस ठरवणारी, झटका आला की मुलाला कुशीवर वळवून घड्याळाकडे पाहणारी, वळणाऱ्या पायांना रोज तासभर व्यायाम देणारी, रात्री तीनदा उठणारी. हेच काम रुग्णालयात कोणी केले तर त्याला प्रशिक्षण लागते, पदवी लागते, पगार आणि पाळी लागते. घरात केले की ते 'माया' ठरते आणि राष्ट्रीय उत्पन्नात शून्य रुपये धरले जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले की घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६. घरकामात हेच प्रमाण २९९ आणि ९७ मिनिटांचे. या सरासऱ्या निरोगी घरांसह काढलेल्या आहेत. दीर्घ आजारी मुलाच्या घरात सरासरी हा शब्दच गैरलागू ठरतो.

अशी स्त्री मजुरीला जाऊ शकत नाही. म्हणजे ज्या घराचा खर्च वाढला त्याच घराची एक कमाई बंद होते. नवरा पुण्या-सुरतेकडे कामाला गेला तर ती एकटी पडते. तो थांबला तर पैसा थांबतो. थोरल्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्यापाशी कोणीतरी बसावयास हवे. या मुलीची नोंद आपल्या राज्यात 'गळती' या सदराखाली होते. कारणांच्या रकान्यात भावाचा आजार लिहिलेला सहसा आढळत नाही.

येथे काही सज्जन आक्षेप घेतात की आईच्या मायेला पैशांत मोजणे हे आपल्या संस्कृतीला शोभत नाही. ही संस्कृती कोणाच्या सोयीची आहे हे विचारले पाहिजे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची वाट धरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. देशाने ती कल्पना पुढे उचलली. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात अशी तरतूद होती की कामावर आलेल्या स्त्रियांची सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हे माती खणण्याइतकेच काम आहे, हे या देशाच्या संसदेने मान्य केलेले होते. तेव्हा कोणाची संस्कृती बुडाली नाही. मग दुसऱ्याच्या निरोगी मुलाला चार तास सांभाळणे हे काम, आणि स्वतःच्या आजारी मुलाला चोवीस तास जगवणे हे काम नव्हे, हा न्याय कोठला?

कायदाही याच दिशेने बोलतो, फक्त दबक्या आवाजात. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. त्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल करणाऱ्याच्या भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु हेच कलम सुरुवातीलाच म्हणते की सरकारने हे सर्व आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावयाचे. या एका वाक्प्रयोगाच्या आडोशाला राज्ये निवांत बसली आहेत. रक्ताच्या या तीन विकारांना नोकरीतील ४ टक्के राखीव जागांच्या गटांत तर स्थानच मिळाले नाही. आणि लहानपणीचा मधुमेह या २१ प्रकारांत मुळीच नाही. प्रमाणपत्रासाठी टक्केवारी लागते. पण रक्त चढवल्यानंतर चार दिवस धावणारे आणि तिसऱ्या आठवड्यात पायरीही न चढू शकणारे मूल किती टक्के दिव्यांग, हे कोणत्या मोजपट्टीने ठरवणार?

आर्थिक कुवतीची सबब तपासून पाहावयास हवी. आंध्र प्रदेश हे काही महाराष्ट्राहून श्रीमंत राज्य नव्हे. तेथे थॅलेसेमिया व सिकलसेलच्या रुग्णांना महिन्याला १०,००० रुपयांचे निवृत्तिवेतन देण्याची योजना २०२० मध्ये आली, आणि २०२४ मध्ये सरकार बदलल्यावरही ती टिकली. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम' नावाची योजना आहे. रक्कम महिन्याला ६०० रुपये, म्हणजे तुटपुंजीच, पण ती देखभाल करणाऱ्याच्या नावाने आहे, आणि हे तत्त्व रकमेहून मोठे आहे. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे. तिच्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ वर्षाला २१,००० रुपये, आणि दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये राहिली. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्या उत्पन्नात जगणारे कुटुंब कागदावरच सापडावयाचे. म्हणून तलाठ्याच्या दाखल्यापाशी खोटे बोलल्याशिवाय गरिबाला खरी मदत मिळत नाही. आणि याच राज्याने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर 'लाडक्या बहिणी'साठी महिन्याला १,५०० रुपयांची तरतूद काही आठवड्यांत उभी केली. स्त्रीच्या हाती पैसा पडला याचे दुःख कोणी समाजवादी करणार नाही. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली की पैसा असतो. राज्याला स्त्री मतदार म्हणून दिसते. चोवीस तास राबणारी परिचारिका म्हणून ती अद्याप दिसावयाची आहे.

हात पसरण्याचे धोरण

दुर्मिळ आजारांच्या बाबतीत तर राज्यसंस्थेने लाजही सोडली आहे. २०२१ च्या आरंभी मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या सुमारे १६ कोटी रुपयांच्या औषधासाठी तिच्या आईबापांनी लोकांकडून वर्गणी जमवली, आणि केंद्राने सुमारे ६ कोटींचे आयातशुल्क व कर माफ केले. सर्वांना आनंद झाला. ज्या औषधावर सरकारच ६ कोटी कर लावीत होते, त्या कराबद्दल फारसे कोणी विचारले नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. आज त्यानुसार निवडक केंद्रांतून, महाराष्ट्रात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून, ५० लाखांपर्यंत मदत मिळते. परंतु ज्या आजारांना जन्मभर महागडे औषध लागते त्यांच्यासाठी धोरणाने एक संकेतस्थळ उघडून लोकांना देणग्यांचे आवाहन केले! म्हणजे सरकारने मुलांच्या नावाने झोळी शिवली आणि तिला धोरण म्हटले. ज्याच्या मुलाचा फोटो गोंडस, ज्याला इंग्रजीत लिहिता येते, ज्याचे नातलग परदेशी आहेत, त्याची झोळी भरते. मेहकर तालुक्यातील शेतमजुराची रिकामी राहते. आणि किंमत ही काही ईश्वराने ठरवलेली नसते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीवरील रिस्डिप्लाम या औषधाची बाटली ६ लाखांच्या वर विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने पेटंटधारक कंपनीची हरकत फेटाळल्यावर भारतीय कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना आणले. मधला फरक हा संशोधनाचा खर्च होता असे सांगणाऱ्यांनी हेही आठवावे की इन्शुलिन शोधणाऱ्यांनी त्याचे हक्क १९२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले होते.

समाजात कणव नाही असे कोणी म्हणू नये. मेहकर तालुक्यातच हिवरा आश्रम आहे. तेथे विवेकानंद जयंतीला लाखांच्या पंगती बसतात, आसपासची गावे मिळून स्वयंपाक करतात, आणि हजारो स्वयंसेवक वाढतात. शुकदास महाराजांनी तेथे वर्षानुवर्षे रोग्यांची सेवा केली. इतके संघटित औदार्य ज्या मातीत आहे तेथे उणीव भासते ती हक्काची. पंगत वर्षातून एकदा पुरते. इन्शुलिन दिवसातून चार वेळा लागते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचेही आहे. हे स्वागतार्हच. परंतु महाविद्यालय जिल्ह्याला आल्याने मेहकर, लोणार वा सिंदखेडराजाचे मूल बुलढाण्याजवळ सरकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हाच अनुभव आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत तो महाराष्ट्रातूनच, पालघर येथून, सुरू झाला. त्याची तालुका पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुले तपासतात. कल्पना उत्तम, कर्मचारी कष्टाळू. पण तपासणीत सापडलेल्या मुलाच्या पुढच्या उपचाराचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आठवड्यातून दोनदा व्यायामोपचार हवा असेल, तर आईने त्याला खांद्यावर टाकून आठवड्यातून दोनदा १३० किलोमीटर जावे-यावे काय? तसे घडत नाही. दोन महिन्यांत फेऱ्या बंद होतात, आणि नोंदवहीत शेरा पडतो की पालक सहकार्य करीत नाहीत. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचेही तेच होण्याची भीती आहे. सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आणि वाटलेल्या रंगीत कार्डांचे आकडे जाहीर होतात. हायड्रॉक्सीयुरियासारखी स्वस्त गोळी खेड्यातील किती मुलांना वर्षभर न चुकता मिळाली, याचा आकडा तितक्या उत्साहाने जाहीर होत नाही.

मागणी काय करावयाची, हे आता नेमके सांगितले पाहिजे, कारण 'आरोग्यसेवा सुधारा' या मोघम घोषणेला कोणताही मंत्री सहज मान डोलावतो. पहिली मागणी रक्ताची. जिल्ह्याच्या रक्तपेढीतून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील साठवण केंद्राकडे शीतपेटीतून रक्त पाठवण्याची पद्धत कायद्याला मान्य आहे, नवी शोधावयाची नाही. महिन्यातले ठरलेले दिवस नेमून मेहकरमध्येच मुलांना रक्त चढवण्याची सोय झाली पाहिजे. ६५ किलोमीटरचा प्रवास पिशवीने करावा, अशक्त मुलाने नव्हे. दुसरी, लोह उतरवणारी औषधे, इन्शुलिन, साखर मोजण्याच्या पट्ट्या, अपस्माराच्या गोळ्या यांचा साठा प्राथमिक आरोग्य केंद्रात राहिला पाहिजे, आणि तो संपल्याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे. तिसरी, व्यायामोपचारतज्ज्ञाने आठवड्यातून ठरल्या दिवशी तालुक्याला यावे. घरी जाऊन पाहणी करण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे देता येईल, गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च'ने खेड्यातील स्त्रिया नवजात अर्भकांना वाचवू शकतात हे जगाला दाखवून दिले आहेच. पण ज्या आशांना मानधनासाठी २०२३-२४ मध्ये दोनदा संप करावा लागला, त्यांच्या डोक्यावर आणखी एक फुकट ओझे टाकून आईचे ओझे हलके करावयाचे नाही. काम दिले तर वेतन दिले पाहिजे.

आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची मागणी देखभाल भत्त्याची. तो आईच्या, किंवा जो कोणी देखभाल करीत असेल त्याच्या, नावाने असावा. उत्पन्नाच्या खोट्या दाखल्यावर तो अवलंबून नसावा. एका मुलामागे महिन्याला ५,००० रुपये धरले आणि एका तालुक्यात अशी शंभर मुले धरली, तर वर्षाला ६० लाख रुपये होतात. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा खर्च सुमारे ५५,००० कोटी सांगितला जातो. म्हणजे किलोमीटरला ७८ कोटी. एका किलोमीटरच्या पैशात एका तालुक्यातील या मुलांची देखभाल १३० वर्षे चालेल. मुलांची संख्या दुप्पट धरा, ६५ वर्षे चालेल. आर्थिक कुवतीची भाषा करणाऱ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहावा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग २०२० पर्यंत आरोग्यावर खर्चावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्याच्या आसपासही पोहोचलेला नाही.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर मोर्च्यापूर्वी मोजणी केली पाहिजे. अंगणवाडी सेविका, आशा आणि शिक्षक यांच्याकडून गावोगावची अशी मुले सहज समजतात. सरकारला ती दिसत नाहीत, गावाला माहीत असतात. कोणाला किती वेळा कोठे जावे लागते, किती दिवस मजुरी बुडते, कोणते औषध केंद्रात मिळाले नाही, हे कुटुंबाच्या संमतीने आणि नावे उघड न करता नोंदवावे. दुसरे काम अर्जांचे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे अधिक आधार मागण्याचा अर्ज दिव्यांग व्यक्तीला स्वतः करता येतो, तसाच तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला वा संस्थेलाही करता येतो, आणि तो तपासणी मंडळाकडे पाठवणे यंत्रणेवर बंधनकारक आहे. बुलढाणा जिल्ह्यासाठी ही यंत्रणा कोणती, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारावे. उत्तर आले तर अर्ज तेथे द्यावेत. न आले तर ते न आल्याचा कागद घेऊन दिव्यांग आयुक्तांकडे आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जावे. अर्ज एकेकटे देऊ नयेत, गठ्ठ्याने द्यावेत, आणि प्रत्येकाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नये.